सर्व्हर डाऊन असला तरी पावती अडू नये

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर सीझनला तुमच्या पेपरात एक बातमी येतेच, सर्व्हर डाऊन, खरेदी केंद्रावर शेतकरी ताटकळले. बातमी खरी असते, पण गाडी तिथंच थांबते, डाऊन झाला म्हणजे नेमकं काय झालं अन् त्यावर काही उपाय आहे का हे कोणी लिहीत नाही. मी काही वर्षं नागपूरला सॉफ्टवेअरचं काम केलं, आता गावी राहून जिनिंगवाल्यांची अन् अडत्यांची बिलिंगची कामं करतो, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमच्या मोठेबाबांची गोष्ट सांगतो. एका केंद्रावर त्यांनी १४ क्विंटल तूर नेली, ५० किलोचे २८ कट्टे. चाळणी झाली, काटा झाला, ऑपरेटर पोरानं एन्ट्री मारली अन् स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरलं फिरलं अन् एरर आला. पोरगा म्हणे, "काकाजी, सर्व्हर चालून नाही राहिला जी, पुन्हा मारतो." पुन्हा मारली, यावेळी झाली. दोन महिने पैसे आले नाहीत तेव्हा कळलं की पहिली एन्ट्री पण वर पोचली होती, म्हणजे मोठेबाबांच्या नावावर २८ क्विंटल तूर दिसत होती, सातबाऱ्यावरच्या पेऱ्याच्या हिशेबात ती बसत नव्हती अन् पेमेंट अडकलं. त्या एका जास्तीच्या क्लिकपायी म्हाताऱ्या माणसानं चपला झिजवल्या. मी त्या पोराला दोष देत नाही, त्याच्या जागी मी असतो तरी तेच बटन दाबलं असतं.

आता यातली मेख सांगतो. अशी बरीच सॉफ्टवेअरं रिमोट प्रोसिजर कॉलच्या पद्धतीनं चालतात, म्हणजे आपला कॉम्प्युटर लांबच्या कॉम्प्युटरला हाक मारतो, हे काम कर अन् उत्तर दे, अन् उत्तर येईस्तोवर तिथंच उभा राहतो. पद्धत जुनी अन् नावाजलेली आहे, झेरॉक्स कंपनीच्या बिरेल आणि नेल्सन या दोघांनी १९८४ साली तिच्यावर पेपर लिहिला अन् त्यातच साफ सांगून ठेवलं की उत्तर आलं तर काम बरोबर एकदा झालं, पण उत्तर नाही आलं तर ते एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल, हाक मारणाऱ्याला ते कळत नाही. मोठेबाबांच्या तुरीचं हेच झालं, काम झालं होतं, उत्तर तेवढं रस्त्यात हरवलं. एका ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये असं क्वचित होतं, पण आमच्याकडे दुपारी लाईन जाते, टॉवरची बॅटरी उतरते, वादळ आलं की रेंज गायब.

दुसरी पद्धत कागद पाठवायची. खरेदीचा अख्खा व्यवहार, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, वजन, भाव, तारीख, पावती नंबर, सगळं एका एक्सएमएल कागदात, म्हणजे प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण लावलेल्या फाईलीत, लिहायचं अन् तो पाठवून द्यायचा. रेंज असेल तर लगेच जाईल, नसेल तर केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये रांगेत थांबेल अन् रात्री रेंज आली की जाईल. तिकडून आधी नुसती पोच येते, निकाल मागून येतो. पावती नंबर केंद्रावरच पडलेला असल्यानं तोच कागद दहा वेळा गेला तरी वरचा सर्व्हर नंबर पाहून ओळखतो की हा आधीच आलाय. कोणी प्रोग्रामर म्हणेल की असा नंबर कॉलमध्येही टाकता येतो, येतो ना, पण उत्तर येईस्तोवर शेतकरी काट्यावरच उभा राहतो त्याचं काय.

बाजार समितीत आपण हेच करत आलो आहोत. काटापट्टी फाटते, एक प्रत शेतकऱ्याकडे, एक अडत्याकडे, एक ऑफिसात. ऑफिसातला बाबू जेवायला गेला म्हणून कोणी काटा बंद ठेवत नाही.

एक्सएमएल १९९८ साली आलं, त्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं लिहायची एकच पद्धत, असल्यानं आपलं मराठी नाव जसंच्या तसं बसतं, खुणेचं नावसुद्धा <शेतकरी> असं ठेवता येतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी एक्सएमएल-आरपीसी (आरपीसी म्हणजे तोच रिमोट प्रोसिजर कॉल) नावानं हाका मारायलाही त्याचा वापर सुरू झाला, म्हणजे नुसतं एक्सएमएल आहे म्हणून कागदाची पद्धत झाली असं होत नाही. तशा हाकेत माहिती सहसा ओळीनं दिली जाते, पहिलं वजन, दुसरा भाव. उद्या कापसाच्या खरेदीत ओलाव्याचा टक्का मध्ये घालायचा म्हटला तर दोन्ही टोकांचं सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदलावं लागतं. कागदात प्रत्येक रकान्याला नाव असतं, नीट आखला तर जुनं सॉफ्टवेअर नवा रकाना सोडून बाकीचा वाचतं. बिलं, ऑर्डरी, माल पाठवल्याच्या चिठ्ठ्या यांचे असे तयार नमुने यूबीएल नावानं २००४ पासून आहेत, आपल्याला पहिल्यापासून आखायची गरज नाही.

अन् हे आपल्या देशात जमणार नाही असं कोणी म्हणू नये. यूपीआय २०१६ साली सुरू झालं, त्याच्या आत बँकांमध्ये एक्सएमएलचेच निरोप फिरतात, निरोप गेला की आधी पोच, मग मागून उत्तर. पानठेल्यावर दहा रुपये देताना जे चालतं ते १४ क्विंटल तुरीला का चालू नये?

कॉल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. आजचा भाव काय किंवा मशीनवर लावलेला अंगठा जुळतो का, अशा सवालाला उत्तर तिथल्या तिथंच पाहिजे, तिथं कॉलच बरा. पण विक्री म्हणजे सवाल नाही, तो व्यवहार आहे अन् व्यवहाराचा कागद असतो. मागून तपासणीत तो नाकारला गेला तर? तर नाकारल्याचाही कागद यावा, कारणासकट, अन् त्याची प्रिंट शेतकऱ्याच्या हातात पडावी. मोठेबाबांना दोन महिने कारणच माहीत नव्हतं, सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला.

म्हणून तुमच्या वार्ताहरांना विनंती आहे, पुढच्या खेपेला सर्व्हर डाऊनची बातमी करताना केंद्रावर दोन गोष्टी विचारा. रेंज नसताना पावती निघते का? अन् तीच एन्ट्री दोनदा गेली तर वरचा सर्व्हर ओळखतो का? मिळेल ते उत्तर बातमीत छापा. तुरीचा सीझन लागायच्या आधी कोणी यावर काम करायला तयार असेल तर कागदाचा नमुना मी फुकट बनवून देतो.

आपला नेहमीचा वाचक,
गावाकडचा एक प्रोग्रामर,
जि. यवतमाळ