नैराश्य म्हणजे केवळ ‘सेरोटोनिनची कमतरता’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मेंदूतले सेरोटोनिन (चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारे एक रसायन) घटले की नैराश्य येते’ हे विधान मानसिक आरोग्यावरील लेखांत सिद्ध झाल्यासारखे छापले जाते. ते कुठून आले, हे वाचकांना कळायला हवे.

त्याचे एक मूळ आपल्याच सर्पगंधेत आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये या मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण मांडला आणि जगाचे तिच्याकडे लक्ष गेले, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. चेतापेशींच्या टोकाशी ज्या सूक्ष्म पिशव्यांत सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही संदेशवाहक रसायने साठवली जातात, त्या रेसर्पिनमुळे भरेनाशा होतात. रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि रसायन आटले म्हणून मन खचले, असा तर्क बांधला गेला.

तर्क मोलाचा होता, पण अपुरा. स्वीडनमध्ये १९५७ साली औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या, कान पाडून निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य, टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचून मात्र काही फरक पडला नाही. त्या निपचितपणाचे नाते उदासीपेक्षा कंपवाताशी अधिक होते, आणि कंपवातावरचा उपचार पुढे याच वाटेने सापडला. नैराश्यात सेरोटोनिन कमीच असते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रीफ व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन नोंदवले. नैराश्यावरील औषधे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही.

मला काळजी वाटते ती रुग्णांची. गोळीचा सेरोटोनिनवरील परिणाम काही तासांतच सुरू होतो, पण मनःस्थिती सुधारायला काही आठवडे जातात, कारण त्या अवधीत चेतापेशींमधील जोडण्या सावकाश बदलत असाव्यात. ‘कमतरता भरून निघेल’ एवढेच ऐकलेला माणूस आठवड्याभरात गुण आला नाही की गोळ्या बंद करतो. त्या एकाएकी थांबवल्याने चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात ते वेगळेच. या विषयावरील प्रत्येक लेखात हा कालावधी आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध न थांबवण्याची सूचना आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त औषधशास्त्र अध्यापिका, पुणे