कांदा नको, घड्याळ बघा

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र पाकिटात घालून मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला, तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून कपाटात ठेवलं असतं आणि कुणाला एका शब्दाने बोलला नसता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

२०२२च्या गणपतीत मँचेस्टरच्या त्या हॉलमध्ये आरती चालू असताना मी कोसळलो. झांजांचा आवाज एकदम लांब गेला, एवढंच मला आठवतं. बाकीचं मित्रांनी सांगितलं. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी दातांत घालायला चमचा शोधत होतं. सगळी आपलीच माणसं, घाबरलेली. तुम्ही गर्दीतून आत आलात, खांद्यावरची शाल माझ्या डोक्याखाली सरकवलीत आणि म्हणालात, "कांदा नको, घड्याळ बघा." झटके थांबल्यावर मला कुशीवर वळवलंत. दोन मिनिटं दहा सेकंद. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हा आकडा फक्त तुमच्याकडे होता.

त्याबद्दल आभार मानायचेच आहेत. पण खरे आभार पुढच्या आठ महिन्यांचे आहेत.

निदान झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नारायणगावला घरी कळवायचं धाडस होत नव्हतं, कारण आमच्याकडे ‘आकडी येते’ म्हटलं की आधी लग्नाचं काय, हा प्रश्न निघतो. खोलीत पडून राहायचो आणि रात्र-रात्र जॉय डिव्हिजन ऐकायचो. मँचेस्टरचा हा जुना बँड मला कॉलेजपासून आवडायचा. आता मात्र मी त्यात स्वतःला शोधू लागलो होतो. त्यांचा गायक इयन कर्टिस. त्यालाही बावीसाव्या वर्षी, जानेवारी १९७९मध्ये एपिलेप्सीचं निदान झालं आणि तेविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. मी तारखा मोजत बसलो होतो, काका. ही गोष्ट तुम्हाला सोडून आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

त्या रविवारी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकूंनी मऊ भात, मेतकूट आणि तूप वाढलं होतं. माझ्या अंगात काळा टी-शर्ट होता, छातीवर पांढऱ्या रेषांचे डोंगर एकावर एक रचलेले. तुम्ही चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, "हा कुणाचा ईईजी?"

आयुष्यभर इस्पितळात ईईजीच्या, म्हणजे मेंदूचा आलेख काढणाऱ्या मशीनवर काम केलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार! मी म्हणालो, हा मेंदूचा नाही, ताऱ्याचा आलेख आहे. १९६७मध्ये केंब्रिजला सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठराविक वेळाने रेडिओ-ठोके देणाऱ्या ताऱ्याचे ठोके. बँडच्या बर्नार्ड समनरला तो खगोलशास्त्राच्या एका कोशात दिसला आणि डिझायनर पीटर सॅव्हिलने काळ्यावर पांढरा करून ‘अननोन प्लेझर्स’ या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर छापला, पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा न घालता. मग मी खोडदचं सांगितलं. आमच्या शिवाराजवळ रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या उभ्या आहेत, अशा एकूण तीस, आणि त्याही पल्सारचे ठोके ऐकतात. कितीतरी दिवसांनी मी सलग दहा मिनिटं बोललो होतो. काकू ताक घेऊन दारातच थांबल्या होत्या.

हा अल्बम एप्रिल १९७९मध्ये तुमच्याच गावात, वॉटरलू रोडवरच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड झाला, हे कळल्यावर तुम्ही गप्पच झालात. त्या रस्त्याने तुम्ही कितीदा गेला होता. तुम्ही शहरात कागदाच्या गुंडाळ्यांवर पेनं नाचताना बघत होता, आणि इकडे स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेट ड्रमर स्टीफन मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावत होता, लिफ्टचा आवाजसुद्धा टेपवर घेत होता.

मग तुम्ही म्हणालात, "मला पहिल्यापासून सांग. केस हिस्टरी घेतल्यासारखं."

ते ‘केस हिस्टरी’ म्हणणं मला आधी लागलं होतं. पण त्यानेच मी वाचलो.

मी सांगत गेलो. ४ जून १९७६ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम बघून समनर आणि पीटर हुक इतके पेटले की हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार आणली. कर्टिस आला, मग मॉरिस आला. आधी नाव होतं वॉर्सॉ, १९७८च्या सुरुवातीला जॉय डिव्हिजन झालं. रॉब ग्रेटन मॅनेजर झाला, टोनी विल्सनने त्यांना टीव्हीवर आणलं, फॅक्टरी रेकॉर्ड्सने अल्बम काढला. तुम्ही मान हलवत होता. नावं तुमच्या लक्षात राहत नव्हती, हे मला दिसत होतं. तुम्ही थांबवलंत ते एकाच जागी. कर्टिस मॅकल्सफील्डच्या नोकरी कार्यालयात होता, अपंगांना काम मिळवून द्यायचं त्याचं काम होतं, हे मी बोललो तिथे. त्याच्याकडे नोकरीसाठी एक तरुणी यायची, तिला फिट यायच्या. ती यायची बंद झाली, पुढे ती गेल्याचं त्याला कळलं, आणि त्याने ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं लिहिलं. स्वतःची पहिली मोठी फिट येण्याच्या काही महिने आधी.

"म्हणजे त्याने ते टेबलाच्या आमच्या बाजूने बघितलं होतं," तुम्ही म्हणालात.

यानंतर तुम्ही रुग्णाची बाजू मांडलीत. त्या काळची औषधं कशी असायची, फेनोबार्बिटोनने माणूस कसा सुस्तावायचा, मन कसं खचायचं, आणि ते औषधाने होतंय हे घरच्यांना कुणी सांगतही नसे. झोप वेळेवर हवी, दमणूक नको, दारू नको. ज्यांना प्रकाशाचा त्रास होतो त्यांनी लखलखणाऱ्या दिव्यांपासून लांब राहायचं. मी तुमच्यासमोर त्यांचा एप्रिल १९८० ठेवला. मार्चमध्ये लंडनला ‘क्लोजर’ या दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालेलं. ४ एप्रिलला एकाच रात्रीत लंडनमध्ये दोन कार्यक्रम, आधी रेनबो थिएटर, मग मूनलाइट क्लब, आणि तिथे फिट. ८ एप्रिलला ‘बरी’ नावाच्या गावात तो गाण्याच्या अवस्थेत नव्हता. दोन-तीन गाण्यांपुरता तो उभा राहिला, बाकीच्या गाण्यांसाठी दुसऱ्या बँडचा गायक आणला, लोक खवळले, बाटल्या उडाल्या. त्याचा नाच असा होता की फिट कुठे सुरू झाली, हे प्रेक्षकांना कळायचंच नाही. लोक टाळ्या वाजवायचे.

तुम्ही ताट बाजूला सारलंत. "बरोबरची मुलं?"

विशीतलीच. त्याला विचारलं की म्हणायचा, मी ठीक आहे. आणि यांना ते खरं वाटायचं.

तुम्ही कुणाला दोष दिला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्यांच्यात घड्याळ बघणारं कुणी नव्हतं रे. तुझ्याजवळ आहे."

मी तोवर समजत होतो की ती गाणी, तो आजार आणि तो शेवट हे सगळं एकाच धाग्याचं आहे, धागा ओढला की शेवट येणारच. तुम्ही तो पीळ सोडवून दाखवलात. आजार वेगळा. औषधांनी आलेली मरगळ वेगळी. मोडायला आलेलं लग्न, तान्ही मुलगी, रात्रीचा प्रवास, अमेरिकेच्या दौऱ्याचं दडपण, ही सगळी आणखी वेगळी ओझी. यातलं एकेक ओझं खाली ठेवता येतं, असं तुम्ही म्हणालात, आणि माझ्यासाठी ते करायलाही लागलात. दर बुधवारी रात्री दहाला फोन: गोळी घेतली का, झोपतोस कधी? गोळीने चिडचिड होते म्हटल्यावर मला घेऊन डॉक्टरांकडे गेलात आणि औषध बदलून घेतलंत. आईला पहिला फोन तुम्हीच लावलात. काय बोललात ते मला अजून माहीत नाही. त्या रात्री आई रडली नाही, तिने फक्त गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.

१८ मे २०२३ला आपण स्टॉकपोर्टहून गाडीने मॅकल्सफील्डला, कर्टिसच्या दगडाशी गेलो. स्मशानातला तो दगड किती लहान आहे! रस्त्याच्या कडेला बसवतात तेवढाच. नाव, तारीख आणि त्याच्या गाण्याचे शब्द, ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’. भोवती फुलं, नाणी, लोकांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या. ते गाणं तो गेल्यावर जूनमध्ये बाजारात आलं आणि ब्रिटनच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढलं. ‘क्लोजर’ जुलैमध्ये आला आणि सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर काढला आणि ते जगभर गाजले. हे सगळं मी तुम्हाला सांगत होतो, पण तुमचं लक्ष तारखेवर होतं.

"अठरा मे ऐंशी. वार कुठला होता?"

रविवार, मी म्हणालो. सोमवारी ते अमेरिकेला निघणार होते.

"रविवारी मला सुट्टी असायची," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने म्हणालात, "इतक्या जवळ होता रे पोरगा." आणि खाली वाकून वाऱ्याने उलटलेली फुलं सरळ केलीत.

काका, त्या दिवशी मला तेविसावं चालू होतं. आज सव्विसावं आहे. शेवटची फिट येऊन दोन वर्षं होत आली. गावच्या मंडळात यंदा मी पोरांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं, तोंडात काही घालू नका आणि पाच मिनिटांवर गेलं तर ॲम्ब्युलन्स बोलवा, हेही सांगितलं. चुलत्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास? मी तुमचं नाव सांगितलं.

आईने काकूंसाठी मेतकूट केलंय, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या मित्राबरोबर देतोय. तुमची शाल अजून माझ्याकडेच आहे. ती मात्र मी स्वतः घेऊन येणार आहे.

तुमचा,
नारायणगावचा पोरगा