पोरानं विचारलं, "ते काका नरकात गेले काय?"

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं ख्रिस्ती घर. पाच एकर कोरडवाहू वावर, गावात चर्च नाही म्हणून रविवारी तालुक्याला जातो. मागच्या महिन्यात माझ्या पोराच्या वर्गमित्राच्या बाबांनी कर्जापायी जीव दिला, तुमच्या पेपरात बातमी आली आणि माझ्या सहावीतल्या पोरानं ती माझ्याआधी वाचली. रात्री जेवता जेवता विचारतो, "बाबा, ते काका नरकात गेले काय? संडे स्कूलमधे सांगतात नं, खून करू नको, मग सोताचा जीव घेणं पण खूनच झाला नं?"

हिची भाकर तव्यावर करपली तरी ही तशीच बसून. लहानपणी हाच प्रश्न मी विचारला होता तेव्हा मला "हो" असं एका शब्दात उत्तर मिळालं होतं, अन् मग कित्येक वर्षं त्या घरावरून जाताना मी मान वर केली नाही. पोराला ते द्यायचं नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो.

बायबलमधे शौल राजानं लढाई हरल्यावर स्वतःच जीव दिला (१ शमुवेल ३१). तो कुठं गेला यावर तिथं एक शब्द नाही. लिहिलंय ते लोकांचं, की याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालत गेली, शत्रूनं भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रेत काढून आणलं, हाडं झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. हे पोराला वाचून दाखवलं. सांगितलं की सहावी आज्ञा खरीच आहे, जीव देवानं दिलेला, आपण घ्यायचा नाही, पण निकाल देवाचा, माझा नाही. ते आपल्या धर्माचे नव्हते त्याचं काय, हेही विचारलंच त्यानं. म्हणालो, बेटा, येशूनं कोणावर दया करावी हे ठरवणारा मी कोण.

थोडा वेळ गप बसला. मग हळूच म्हणतो, "तुमच्यावरही सोसायटीचं कर्ज हाये नं?"

दोन दिवस पोरगं हे पोटात घेऊन फिरत होतं. मी पासबुक काढलं, किती उचललं, किती फेडलं, कापूस विकला की किती भरू, सगळं बोट ठेवून दाखवलं. जड झालं तर तुझ्या आईला सांगीन, पाळकसाहेबांना सांगीन, लपवणार नाही, असा शब्द दिला.

आता तो रोज संध्याकाळी मित्राकडं जाऊन त्याचा बुडालेला अभ्यास वहीत उतरवून देतो. त्याच्या आजीनं परवा तुरीच्या शेंगा पाठवल्या.

साहेब, तुम्हाला एकच विनंती. कसा जीव दिला हे इतक्या बारकाईनं छापू नका, पोरं वाचतात. त्या जागी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर छापा. आमच्या गावात तो कोणालाच माहीत नव्हता, मलाही नाही.

आपला,
एक पालक, जि. यवतमाळ