सुंठेचा लेप आणि बीपीचं मशीन

ती. आई-बाबांस सा. न.

शनिवारी बाळाला घेऊन गुहागरला येतेय. फोनवर गोळ्यांचा विषय काढला की आई, तुझी गाडी डिंकाच्या लाडवांवर जाते, म्हणून लिहूनच पाठवते.

सिझरनंतर पाचव्या दिवशी घरी आले आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. सासूबाईंनी तू दिलेली सुंठ उगाळून कपाळाला लावली. लेप वाळून तडकला, ठणका तसाच. मग ह्यांनी मशीन लावलं: 164/112. रात्रीच परत ॲडमिट. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जाऊ शकतं, हे तेव्हा कळलं. मी आपली समजत होते, बाळ बाहेर आलं की सुटले!

टाके अजून दुखतात. त्यासाठी पॅरासिटॅमॉल, 500 च्या दोन गोळ्या सहा-सहा तासांनी, आणि जोडीला आयबुप्रोफेन. पूर्वी बीपीवाल्या बाळंतिणीला ही दुसरी गोळी द्यायला डॉक्टर कचरायचे, बीपी चढेल म्हणून. नंतरच्या अभ्यासांत तसं काही आढळलं नाही. माझे किडनीचे आणि प्लेटलेटचे रिपोर्ट नीट आहेत, म्हणून मला दिली. नसते तर दिली नसती. दोन्ही दुधात अगदी नाममात्र उतरतात. ट्रॅमाडॉलसारखी जोरकस गोळी मात्र दुधातून जाऊन बाळाला गुंगी आणते, श्वासही मंदावू शकतो. आणि आई, 'आम्ही नाही का सोसलं' म्हणू नकोस. दुखण्यानंही बीपी चढतं.

बाबा, तुमच्या गुडघ्याची डायक्लोफिनॅक प्रेमाने मलाही द्याल, ती नको. ती आयबुप्रोफेनच्याच कुळातली, दोन्ही मिळून किडनीवर ताण. कमरेला शेक चालेल, टाक्यांवर नाही. सुके बांगडे तेवढे माझ्यासमोर भाजू नका, मीठ कमी करायला सांगितलंय.

पण डोकं दुखलं तर लेपही नको, गोळीही नको, आधी मशीन. 160/110 किंवा वर दिसलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन. सहा आठवडे तरी हे सांभाळायचंय.

बाबा, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी सकाळ-संध्याकाळचं बीपी तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर वाचता येतं. मशीन मी आणतेय. सेल तेवढे बाजारातून आणून ठेवा.

तुमची,
ताई