आरसा एकच फुटला होता

माननीय संपादक,

मागच्या सोमवारच्या अंकात ठाणे शहराच्या पानावर उपवन तलावाची बातमी आली आहे. स्कूटरवाल्या तरुणांच्या टोळक्याने पहाटे धुडगूस घातला, रहिवाशांची झोप मोडली आणि उभ्या मोटारींचे आरसे फोडले, असं तीत म्हटलंय. मी त्या रविवारी सकाळी सहापासून तिथेच होतो. आरसा एकच फुटला. तो कसा फुटला हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

उथळसरला माझं स्कूटरचं गॅरेज आहे. सोळाव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली लागलो, त्याला आता पन्नास वर्षं होतील. लॅम्ब्रेटा, विजय सुपर, जुनी व्हेस्पा, चेतक या गाड्यांवर माझा हात बसलाय. गेल्या दोन-तीन वर्षांत विशीतली मुलंमुली आजोबांच्या धूळ खात पडलेल्या स्कूटरी माझ्याकडे आणू लागली. त्यातूनच महिन्यातल्या एका रविवारी उपवनला जमायची पद्धत पडली. त्या दिवशी अकरा स्कूटरी आणि तीन बुलेट होत्या. पावसाने माती भुसभुशीत झाली होती. एका विजय सुपरच्या स्टँडचा पाय रुतला आणि ती शेजारच्या मोटारीवर कलली. मोटारीचा डावा आरसा तडकला. स्कूटर ज्याची, तो मुलगा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. मालक फिरायला गेले होते, तर हा पठ्ठ्या पाऊण तास पावसात त्यांच्या गाडीपाशी उभा राहिला. ते आल्यावर स्वतःहून सांगितलं आणि अठराशे रुपये तिथल्या तिथे फोनवरून दिले. मालकांनी आधी विचारलं, "पोरा, तुला लागलं नाही ना?" दोघांनी सोबत चहा घेतला.

आवाजाची तक्रार मात्र खरी आहे. एकाने सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकली होती. मी त्याला तिथेच झापलं आणि सोमवारी गॅरेजमध्ये जाळी परत बसवली. कायदा कायदा आहे आणि लोकांची रविवारची झोपही आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार 'आरसे' या एका शब्दाबद्दल आहे. ती नीट सांगायची तर मला साठ वर्षं मागे, इंग्लंडला जावं लागेल.

2004 साली माझ्या गॅरेजमध्ये एक इंग्रज गृहस्थ आले. वय छप्पन. लॅम्ब्रेटाचे जुने भाग शोधत हिंदुस्थानभर फिरत होते. ही स्कूटर मुळात मिलानच्या इनोचेंती कंपनीची. आपल्याकडे ती आधी भांडुपच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कारखान्यात जोडली जायची. पुढे 1972 मध्ये सरकारने इनोचेंतीची लॅम्ब्रेटा बनवायची यंत्रसामग्रीच विकत घेतली आणि लखनौला स्कूटर्स इंडियाचा कारखाना उभा राहिला. इटलीत लॅम्ब्रेटा बंद पडली तरी लखनौची गाडी इंग्लंडला जात राहिली, कारण तिथे तिच्यावर जीव टाकणारे लोक होते. त्यांना 'मॉड' म्हणत. आलेले पाहुणे त्यांतलेच. चार दिवस ते माझ्या बाकड्यावर बसून होते. तेव्हा माझी मुलगी कॉलेजला समाजशास्त्र शिकत होती. दुपारी ती यायची, त्यांचं बोलणं मला समजावून सांगायची आणि स्वतःच्या वहीतही टिपून ठेवायची.

1964 च्या ईस्टरला, मार्चअखेरीस, ते सोळा वर्षांचे होते. मित्रांबरोबर लंडनहून क्लॅक्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेले. ईस्टर असूनही कडाक्याची थंडी आणि पाऊस. दुकानं बंद, चहावाले मुलांना उभं करेनात. करायला काही नाही म्हणून पोरं रस्त्यावर घोळक्याने हिंडत होती. ढकलाढकली झाली, थोडी दगडफेक झाली, काही काचा फुटल्या. सोमवारच्या पेपरांनी पहिल्या पानावर त्याचं युद्ध केलं. स्कूटरवाल्या मॉडांच्या आणि मोटरसायकलवाल्या रॉकरांच्या फौजांनी गावावर चाल केली, 97 जणांना अटक झाली, असा सगळा थाट. पाहुण्यांकडे तर तेव्हा स्कूटरच नव्हती, ते आगगाडीने गेले होते. पहिली लॅम्ब्रेटा त्यांनी पुढच्या वर्षी हप्त्यावर घेतली. "ती बातमी वाचून आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही," असं सांगताना छप्पन वर्षांच्या माणसाचा आवाज कापरा झालेला मी ऐकला आहे.

माझी मुलगी आता समाजशास्त्र शिकवते. तुमची बातमी वाचून तिने कपाटातून एक पुस्तक काढलं आणि रात्री मला त्यातली पानंच्या पानं मराठीत सांगितली. स्टॅनली कोहेन या अभ्यासकाने याच मॉड-रॉकर प्रकरणावर लिहिलेलं 1972 चं हे पुस्तक आहे. एखाद्या गोष्टीने समाज घाबरून जातो आणि ती भीती वर्तमानपत्रं, पोलीस आणि न्यायाधीश मिळून कशी वाढवत नेतात, याचा अभ्यास करताना हे पुस्तक जगभर वाचतात. कोहेन त्या गावांत स्वतः गेले, लोकांशी बोलले, बातम्या आणि घटना शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. बहुतेक मुलं आगगाडीने, बसने किंवा वाटेत कुणाची गाडी थांबवून आली होती, दुचाकीवाले त्यात थोडेच होते, असं त्यांना आढळलं. सगळ्या क्लॅक्टनमध्ये नगरपालिकेचं नुकसान भरलं पाचशे पौंडांच्या आसपास. आणि एक गोष्ट तर ऐकताना मी उठून बसलो. एक होडी उलटली, तर पेपरात 'होड्या उलटल्या' असं यायचं. एकाचं अनेक करायची ही खोड त्यांनी मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. साहेब, त्या होडीचं जे झालं तेच उपवनच्या आरशाचं झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात ब्रायटन आणि मार्गेट या समुद्रकाठच्या गावांत खरीखुरी मारामारी झाली, किनाऱ्यावरच्या खुर्च्या फेकल्या गेल्या, हे मी नाकारत नाही. मॉड मुलं रात्रभर जागायला 'पर्पल हार्ट' नावाच्या उत्तेजक गोळ्या खायची. त्या गोळ्यांसाठी 1964 मध्येच तिथे कायदा करावा लागला. पाहुण्यांनीही हे झाकून ठेवलं नाही. त्यांचा एक जवळचा मित्र त्याच वाटेने गेला. पण पेपरांनी आधीच इतकी हवा तापवली होती, की पुढच्या प्रत्येक सुट्टीला बघ्यांची गर्दी, छायाचित्रकार आणि पोलीस आधी पोहोचायचे, आणि मुलं मागाहून. मार्गेटच्या न्यायाधीशांनी मुलांना 'भुशाचे सीझर', म्हणजे पोकळ ऐट करणारे, म्हटलं आणि देशभर तेच शब्द छापून आले. तिथेच पंचाहत्तर पौंड दंड झालेला एक सतरा वर्षांचा मुलगा म्हणाला, मी चेक देतो. बघा, पोरांच्या हातात किती पैसा खुळखुळतोय, म्हणून हे वाक्य गाजलं. त्याचं बँकेत खातंच नव्हतं आणि जन्मात त्याने चेकवर सही केली नव्हती. भर कोर्टात मान खाली जाऊ नये म्हणून तो बोलून गेला होता. हे त्याला त्याच वेळी कुणी विचारलं असतं तर?

पेपरांनी जे वगळलं, ते पाहुण्यांनी मला चार दिवस ऐकवलं: त्या मुलांचं गाणं. ही कामगारांची, कारकुनांची मुलं. शाळा सुटली की नोकरीला लागायची आणि पहिल्या पगारात सूट शिवायची. कोटाला मागून चीर किती इंची हवी, यावर शिंप्याशी तासभर हुज्जत घालायची. स्कूटर का, तर तिचं इंजिन पत्र्याआड झाकलेलं असतं आणि सुटाला तेल लागत नाही. वरून अमेरिकन सैन्याचा जुना, ढगळ कोट घालायचा तोही सूट जपायलाच. मेकॅनिक म्हणून हे कारण मला फार पटलं. पण सूट घालून जायचं कुठे? लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरच्या फ्लेमिंगो नावाच्या तळघरातल्या क्लबात. तिथे शनिवारची रात्र उजाडेपर्यंत जॉर्जी फेमचं बँड वाजायचं. वेस्ट इंडीजहून येऊन लंडनमध्ये राबणारे लोक आणि ही गोरी पोरं तिथे एकाच फरशीवर नाचायची. त्या काळी ज्यांना लंडनमध्ये भाड्याने खोली मिळायची मारामार होती, त्यांचं संगीत या मुलांनी आपलं मानलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी आणि जमैकाचं स्का.

स्का म्हणजे काय, असं मी विचारलं. त्यांनी माझा दहा-अकराचा पाना उचलला आणि लॅम्ब्रेटाच्या मडगार्डवर ठोके दिले. "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि." आपण भजनात टाळी देतो ती आकड्यावर. त्यांचा ठोका पडत होता तो 'आणि'वर, दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. पाय आपोआप उचलायला लागतो. गॅरेजमधल्या पोऱ्याने पॉइंट घासता घासता तो ठेका पकडला, पलीकडच्या पानवाल्यानेही मान डोलावली. पुढे द हू आणि स्मॉल फेसेस ही बँडं याच मुलांमधून वर आली. पण पाहुण्यांचा जीव अडकला होता तो त्या तळघरातल्या ठेक्यात.

रॉकर मंडळींचं जग वेगळं. चामड्याची जाकिटं, उघड्या इंजिनाच्या ब्रिटिश मोटरसायकली आणि जीन व्हिन्सेंट, एडी कॉक्रन यांचं पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे होतं, तिथे त्यांचा अड्डा. ताशी शंभर मैल गाठायचं हे स्वप्न, आणि त्या पायी पोरं रस्त्यावर जीवही गमवायची. लोक त्यांना गुंड म्हणून दार लावून घ्यायचे, तेव्हा बिल शेरगोल्ड नावाचा पाद्री स्वतः मोटरसायकलवर बसून त्या कॅफेत गेला आणि त्यांना आपल्या क्लबात येण्याचं आमंत्रण देऊन आला. मुलं खरोखरच आली. त्याचा 'फिफ्टी नाइन क्लब' अजून चालू आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण या माणसाने मुलांशी बोलण्याआधी त्यांच्याबद्दल मत बनवलं नव्हतं.

आमच्या उपवनच्या मुलांना हे मॉड-रॉकर ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा बुलेटवाले तिघं खूश झाले, कारण रॉयल एनफील्ड ही मूळ रॉकरांच्या घरचीच गाडी. कोपरखैरण्याची एक मुलगी महापेच्या आयटी कंपनीत नोकरी करते. आजोबांच्या स्कूटरला तिने पुढे सहा आरसे लावलेत, मॉड लोक लावायचे तसे. छायाचित्र बघून स्वतः ब्रॅकेट वाकवून घेतलं. मुलं जमतात तेव्हा छोट्या स्पीकरवर आधी त्यांचं मराठी रॅप वाजतं, मग कुणीतरी ते जमैकाचं स्का लावतं, मग लेथवाला मुलगा त्याच्या आजोबांच्या आवडीचं एखादं भीमगीत लावतो. पोलीस हवालदार येऊन ऐकून गेले, म्हणाले आवाज थोडा कमी ठेवा. मुलांनी कमी केला. बातमीत यातलं काहीच नाही. तुमचे वार्ताहर तिथे आले नव्हते. कुणीतरी सांगितलं, त्यावरून लिहिलं गेलं असावं.

याचा परिणाम काय झाला तेही सांगतो. त्या लेथवाल्या मुलाचे वडील तुमचा पेपर रोज वाचतात. त्यांनी बातमी वाचली आणि स्कूटरची किल्ली काढून घेतली. मंगळवारी मुलगा विजय सुपर ढकलत माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "काका, बाबांनी विकून टाकायला सांगितलंय." त्याच्या आजोबांनी नंबर लावून, दोन वर्षं थांबून घेतलेली ती गाडी. गेल्या वर्षी त्याने आणि मी मिळून सहा महिने खपून ती चालू केली. कार्ब्युरेटरच्या सुया त्याने स्वतः लेथवर वळवल्या, इतक्या बारीक की मला भिंग लावून बघावं लागलं. ती आज माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. मी तिची जाहिरात दिलेली नाही.

पुढची भेट येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता उपवनलाच आहे. मुलांनी या वेळी गाड्या पक्क्या फरशीवर लावायचं ठरवलंय आणि प्रत्येक सायलेन्सर मी आदल्या दिवशी तपासणार आहे. आपण वार्ताहराला जरूर पाठवावं. आणि झाल्या बातमीची दुरुस्ती छापणार असाल तर कृपया ती त्याच पानावर, ठाणे शहराच्या, छापा. मुलाचे वडील पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

आपला रोजचा वाचक,
एक स्कूटर मेकॅनिक
उथळसर, ठाणे