आत्याचा रिपोर्ट, बाबांचं रक्त आणि आईचं पोट

ती. आई-बाबांस,
सा. न.

आत्याच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए-२ जनुकात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष निघाल्यापासून बाबांचं एकच पालुपद, "बायकांचा आजार, माझी कसली तपासणी?" आणि आईचं, "पोट कमी केलं की झालं."

बाबा, आधी तुमचं. हे जनुक १३व्या गुणसूत्रावर असतं, पुरुषांतही आणि बायकांतही. आत्याला दोष आजी-आजोबांपैकी एकाकडून आला असणार, म्हणजे तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात असेल तर मला आणि दादाला प्रत्येकी निम्मी. म्हणून रक्त आधी तुमचं. तुमच्यात नसेल तर या दोषासाठी आमची तपासणी करायचं कारणच उरत नाही. असेल तर तुमचंही काम आहे: प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. आणि हा दोष असलेल्या १०० पुरुषांत साधारण ७ जणांना आयुष्यात स्तनाचा कर्करोगही होतो.

उपाशी राहायला नको, हातातून थोडं रक्त काढतात, बस्स. मात्र आत्याच्या रिपोर्टची सगळी पानं सोबत हवीत. त्यात दोषाची नेमकी जागा लिहिलेली असते. लॅबला ती दाखवली की तेवढीच जागा तपासतात. खर्च कमी आणि उत्तर स्पष्ट, आहे किंवा नाही. नुसतं "बीआरसीए करा" म्हटलं तर अख्खी जनुकं वाचतात आणि एखादा अनिश्चित अर्थाचा बदल निघाला की घरादाराला घोर. अशा बदलाच्या भरवशावर ऑपरेशन करायचं नसतं. आत्याच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल, तर साध्या वाचनात तो निसटू शकतो. तिथे एमएलपीए नावाची वेगळी तपासणी लागते. हे जेनेटिक काउन्सेलरला आधीच विचारून घ्या.

आई, बाबांच्या घराण्यातला दोष तुझ्यात येत नाही. पण पोटाबद्दल तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतं, चरबी नाही. चरबीतलं अॅरोमाटेज हे विकर अँड्रोजेनपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं, आणि ते स्तनाच्या कर्करोगाला खतपाणी घालतं. चरबी वाढली की लेप्टिन नावाचं तिचं हार्मोन वाढतं, ते पेशींना वाढायला चिथावतं. या वाढीला लगाम घालणारं अॅडिपोनेक्टिन हे दुसरं हार्मोन नेमकं तेव्हाच घटतं. पाळी चालू असताना मात्र वजनाचं गणित इतकं सरळ नसतं.

दोष असलेल्या बाईत यात भर पडते, कारण बीआरसीएचं कामच मुळी डीएनएची दुरुस्ती. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की असा दोष असलेल्या बायकांत वजन जास्त असेल तर स्तनाच्या पेशींतल्या डीएनएची मोडतोडही जास्त दिसते. लॅबमध्ये मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने ती कमी झाली. पण तेवढ्यावरून बाबांच्या शुगरच्या गोळ्या कुणी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत!

तरी वजन उतरल्याने जनुक बदलत नाही. बीआरसीए-२ दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ६९ टक्के. असा दोष असलेल्या काटकुळ्या बाईलाही वयाच्या २५ पासून दरवर्षी एमआरआय आणि ३० पासून मॅमोग्राम लागतोच.

वजनकाट्यापेक्षा टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून. परकराच्या नाडीवर मोजू नकोस, तिथे पोट दाबलेलं असतं आणि आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा, बाबांना ९०. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, फोडणी-तळण सगळं धरून. आठवड्याला १५० मिनिटं चाल, बोलता येईल पण गाता येणार नाही अशी. लेप्टिन लवकर उतरतं, अॅडिपोनेक्टिन वर यायला बरंच वजन घटावं लागतं. त्या हार्मोन्सच्या तपासणीची पॅकेजं कुणी गळ्यात मारली तर सरळ नाही म्हण. त्या आकड्याने डॉक्टरांचा एकही निर्णय बदलत नाही.

आत्याला फोन करून रिपोर्ट मागवून घ्या. पहिलं पान पुरत नाही, दोषाचं नाव बहुधा आतल्या तक्त्यात असतं.

तुमची लेक