पावसाळ्याआधी निगेटिव्हचं कपाट उघडा

हॅम्बुर्ग, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी ओसरली, जेवण वेळेवर होतं. तूरडाळ, कोकम सगळं मिळतं, तेव्हा आई, पार्सल पाठवू नकोस.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, बूट-चपलांचे फोटो काढायला एवढ्या लांब कशाला? हे काम हलकं नाही हो. काळ्या चकचकीत चामड्यात समोरचं सगळं उमटतं. म्हणून लाइट बुटावर मारायचा नसतो, लाइट मऊ करणाऱ्या पांढऱ्या डिफ्यूजनच्या कापडावर मारायचा आणि त्या कापडाचं प्रतिबिंब बुटावर घ्यायचं. प्रतिबिंबाची कड तुटक आली की चामडं चिरल्यासारखं दिसतं. नवरीच्या नथीवर तुम्ही छत्रीचा लाइट तिरपा घ्यायचात, त्याच शिकवणीवर इथे माझं पोट चाललंय.

इथली एक रीत मात्र तुमच्या पचनी पडणार नाही. आपण स्टुडिओच्या शोकेसमध्ये नवरा-नवरीचा मोठा फोटो लावायचो आणि घरचे लोक पाहुण्यांना घेऊन तो दाखवायला यायचे. इथे न विचारता तसं केलं तर वकिलाची नोटीस येऊ शकते. माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय लोकांपुढे ठेवायचं नाही, असा जर्मनीचा १९०७ चा कायदा आहे. माणूस गेला तरी पुढची १० वर्षं घरच्यांची परवानगी लागते. फोटोसाठी बसायचे पैसे त्याने घेतले असतील, तर सहसा संमती धरली जाते. सभा-मिरवणुकीला आणि देखाव्यात ओझरत्या आलेल्या माणसाला सूट आहे. याचं मूळ इथून जवळच आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सेलर बिस्मार्क फ्रीडरिश्सरू गावी वारले, तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खिडकीतून आत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. कुटुंब कोर्टात गेलं, आणि त्या प्रकरणामुळे पुढे हा कायदा आला. बालवाडीच्या ग्रुप फोटोआधी पालकांच्या सह्या घ्याव्या लागतात. सही नसलेलं मूल बाईंचा हात धरून बाजूला उभं असतं. ते पाहून गलबलतं.

आता मुख्य गोष्ट. ताई म्हणाली, तुम्ही गिरगावातला स्टुडिओचा गाळा सोडायचं मनात आणलंय. तुमचा निर्णय मला मान्य आहे. पण फिल्ममधल्या चांदीसाठी निगेटिव्ह किलोवर घेणारा आला तर त्याला ते कपाट दाखवू नका. अख्ख्या वाडीच्या मुंजी-बारशी त्यात आहेत, तुमची उमेदीची वर्षं त्यात आहेत.

एखाद्या कोरड्या दिवशी कपाट उघडा आणि आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागली आहे. ॲसिटेटच्या फिल्ममधून ॲसिड सुटतं, तेच ॲसिड सड आणखी वाढवतं आणि शेजारच्या निगेटिव्हलाही लागतं. मग फिल्म आकसते, वरचा जिलेटिनचा थर सुरकुततो. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढून कागदी पाकिटात, हवा लागेल अशा ठेवा. डब्यात कोंडल्या तर लवकर जातील. कॉपी आधी त्यांची करायची.

बुरशीचं उलटं. वास नाही, नुसते पांढरट जाळीसारखे डाग असतील तर त्या कोरड्या करून रबरी कड असलेल्या घट्ट डब्यात ठेवा, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि हवेतला दमटपणा मोजणारा एक हायग्रोमीटर. काटा ३० ते ५० टक्क्यांत राहू दे. ६५ च्या वर बुरशी धरते, फार खाली गेला तर फिल्म कडक होते. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा. डाग ओल्या कापडाने अजिबात पुसू नका, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चेहराच निघून येतो. पीव्हीसीच्या पिशव्या टाकून द्या. तुमची ओर्वो कंपनीची फिल्म जर्मनीतल्याच वोल्फेन गावची. तिथे आता म्युझियम आहे, एकदा जाऊन येणार आहे.

कॉपीला स्कॅनर घ्यायची गरज नाही, कॅमेऱ्याने होईल. माझी मॅक्रो लेन्स कपाटात आहे, एलईडी पॅनल फोर्टात मिळेल, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेलं मागा. निगेटिव्हची मॅट बाजू लेन्सकडे, एफ ८, आयएसओ १००, खोलीतले दिवे बंद. चित्र उलटं येईल, ते मी इथे सरळ करीन. रोज थोडंच करा, पाठ दुखेल.

आई, ताईच्या साखरपुड्याला मला येता येत नाही. जूनमध्ये कॅटलॉगचं काम आहे, सुट्टी मागून पाहिली. ताईला मी बोललोय, ती हो म्हणाली, पण तिचा आवाज कळतो मला. डिसेंबरात लग्नाला नक्की येतो, तिकीट याच महिन्यात काढतो. फोटोला दुसरा माणूस ठरवा, मला कानपिळीला उभं राहायचंय. माझ्या स्थळांचं तिचं लग्न झाल्यावर बघू, तोवर पत्रिका कुणाला देऊ नकोस. सोमवारी पैसे टाकतो. त्यातून हॉलचा ॲडव्हान्स आणि गाळ्याचं भाडं भरा, उरतील ते बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीला. टाळू नका.

तुमचा धाकटा